विकतचे तक्ते, सरकारी पेट्या आणि प्राथमिक शिक्षक

जून महिना उजाडला आणि शाळा उघडल्या की प्राथमिक शिक्षणाविषयीचा आपला वार्षिक जिव्हाळा जागा होतो. पाठ्यपुस्तके वेळेवर पोचली का, गणवेश मिळाले का, पटसंख्या किती घसरली, इंग्रजी शाळांनी किती मुले ओढून नेली, या प्रश्नांवर पंधरा दिवस चर्चा होते आणि पाऊस स्थिरावला की तीही ओसरते. या चर्चेत एक प्रश्न सहसा येत नाही. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हातात, पाठ्यपुस्तक आणि खडू यांखेरीज, काय असते? ते कोठून येते, त्याचे पैसे कोण देतो, आणि ते वापरून झिजले अथवा मोडले तर जाब कोणाला द्यावा लागतो?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखक प्राथमिक शिक्षक नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणे हा त्याचा व्यवसाय. परंतु शेकडेवारी काढताना अडखळणारे विद्यार्थी प्रथम वर्षाच्या वर्गात दरसाल समोर बसतात. त्यांच्या अडचणीचा माग काढीत गेले तर तो दशांश अपूर्णांकांवरून मागे जात जात दुसरी-तिसरीतल्या एकक-दशकापाशी येऊन थांबतो. पदवीच्या वर्गात जे दुरुस्त होत नाही ते सातव्या-आठव्या वर्षी, दहा काड्यांचा एक गठ्ठा बांधता-सोडताना, फार थोड्या खर्चात होऊन गेले असते. तेव्हा त्या काड्या शिक्षकाजवळ असतात की नाही, या गोष्टीत आम्हां वरच्या वर्गांत शिकवणाऱ्यांचाही स्वार्थ गुंतलेला आहे.

तयार साहित्य म्हटले की प्रथम आठवते ती अंकलिपी. मुळाक्षरे, बाराखडी, पाढे, वारांची आणि महिन्यांची नावे एवढा सारा ऐवज इवल्याशा पुस्तिकेत, अगदी अल्प किमतीत, मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांच्या हातात पडला. तिने कोणत्या आयोगाची वा समितीची वाट पाहिली नाही. तिच्यामागोमाग भिंतीवरचे तक्ते आले : फळे, भाज्या, वाहने, शरीराचे अवयव, थोर पुरुष. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अथवा कोणत्याही तालुक्याच्या गावी शालेय वस्तूंच्या दुकानात ते गुंडाळी करून टांगलेले असतात. आता या बाजाराला मोबाइलची जोड मिळाली आहे. शिक्षकांच्या गटांतून रविवारी रात्री सोमवारच्या पाठाची टाचणे, वर्कशीट या नावाने सर्वांस ठाऊक असलेल्या सरावपत्रिका, शब्दपट्ट्या, चित्रफिती यांची देवघेव चालू होते. २०१७ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची दीक्षा ही सेवा आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड यांनी त्यात सरकारी भर घातली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत क्यूआर कोडचा पाठ्यपुस्तकांसाठी उपयोग करणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा या प्रकारच्या साहित्याकडे सर्वसामान्य वाचकाचेही लक्ष गेले.

या तयार साहित्याविषयी आपल्याकडील शिक्षणविचारकांत एक तुच्छतेचा सूर आढळतो. खरा शिक्षक आपले साहित्य आपण बनवतो, असे प्रशिक्षणवर्गांतून सांगितले जाते. टाकाऊतून टिकाऊच्या स्पर्धा भरतात. थर्मोकोलच्या प्रतिकृतींना बक्षिसे मिळतात. हा सूर मला मान्य नाही. तो बहुधा अशा लोकांचा असतो ज्यांना स्वतःला रात्री जागून पुठ्ठे कापावे लागत नाहीत. दोनशिक्षकी शाळेची कल्पना करा. पहिली ते चौथी असे चार वर्ग, एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. त्यातला एक बैठकीला, प्रशिक्षणाला अथवा मतदारयाद्यांच्या कामाला गेला की चारही वर्ग एकट्याच्या अंगावर. अशा शिक्षकाने, आणि विशेषतः घरचा स्वयंपाक उरकून शाळेत येणाऱ्या शिक्षिकेने, दर पाठासाठी नवे साधन आपल्या हातांनी घडवावे ही अपेक्षा निर्दयपणाची आहे. शिवाय ती पाळलीही जात नाही. अध्यापक विद्यालयांच्या आसपासच्या दुकानांत 'स्वनिर्मित' साहित्य विकत मिळते, हे गुपित राहिलेले नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वैकल्पिक परिव्यय नावाची एक कल्पना शिकवतो. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण जे सोडून दिले ते. शंभर शब्दपट्ट्या सुवाच्य अक्षरात लिहायला तीन तास लागत असतील, तर त्या पट्ट्यांची किंमत पुठ्ठ्याची व शाईची नव्हे. त्या तीन तासांत ज्या तीस वह्या तपासून झाल्या असत्या, जी चार मागे पडलेली मुले जवळ बसवून वाचून घेता आली असती, ती त्यांची किंमत. त्याच पट्ट्या छापील मिळत असतील तर त्या घेणे हा आळस नसून काटकसर आहे. बहुवर्ग अध्यापनात तर तयार कार्डांवाचून गत्यंतर नाही, कारण शिक्षक एका वर्गाशी बोलत असताना दुसऱ्या वर्गाशी बोलणारे काहीतरी तेथे असावेच लागते.

म्हणून वाद तयार साहित्य असावे की नसावे हा नाहीच. ते कशाचे असावे, आणि कोणाच्या ताब्यात असावे, हा आहे. या दोन प्रश्नांची आपण गेली चाळीस वर्षे गल्लत करीत आलो आहोत.

आधी कशाचे, ते पाहू. मराठीत आपण 'चोवीस' म्हणतो तेव्हा कानावर आधी चार पडतात आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ आणि मग ४. इंग्रजीत वीसच्या पुढे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच आहे. मराठी मुलाला ही उलटापालट प्रत्येक संख्येला करावी लागते, आणि 'एकोणतीस' आली की त्याच्यावर आणखी एक संकट कोसळते : ऐकू येते तीस, लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा तिच्यावर विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत विनोद झाले. त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते. ती पद्धत योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असू शकतात. पण अडचण खरी होती, आणि ती मराठीची होती. इंग्रजी शाळांना डोळ्यांपुढे ठेवून छापलेल्या संख्याकार्डांना ही अडचण ठाऊकच नसते. त्यांत विसाच्या कार्डावर चाराचे कार्ड ठेवायचे आणि वाचायचे, एवढेच. मराठी शाळेतल्या जाणत्या शिक्षिकेला मात्र मधली एक पायरी घालावी लागते : चोवीस ऐकले की मुलाने आधी चार सुट्या काड्या उचलाव्या, मग दोन गठ्ठे उचलावे, आणि मांडताना गठ्ठे डाव्या हाताला ठेवावे. ही पायरी कोणत्याही पेटीत येत नाही.

काड्यांचाच विषय निघाला आहे तर थोडे आणखी. मण्यांची पाटी दिसायला देखणी असते आणि सरकारी पेट्यांत ती हमखास आढळते. पण तिच्यावरचा दशकाचा मणी एककाच्या मण्याएवढाच असतो. त्या एका मण्यात दहा आहेत, हे मुलाने मानून चालायचे. काड्यांच्या गठ्ठ्यात दहा खरोखरच असतात. रबर काढले की मोजून घेता येतात. बत्तिसातून सात वजा करताना गठ्ठा सोडावा लागतो, तेव्हा दशक मोडून घेणे म्हणजे काय हे हाताला कळते. मण्याला सोडवता येत नाही. म्हणून मण्यांची पाटी गठ्ठ्यांनंतर यावी, आधी नव्हे. ज्वारीच्या धाटाचे तुकडे, तुरकाठ्या, आगपेटीच्या जळक्या काड्या, काहीही चालते, आणि पाचदहा काड्या हरवल्या तर कोणाचे काही बिघडत नाही. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती उभ्या करणारे अरविंद गुप्ता पुण्याच्या आयुकामध्ये अनेक वर्षे काम करीत होते. त्यांच्या खेळण्यांतला खरा मुद्दा स्वस्ताईपेक्षा हा आहे की ती मोडली तर मूल रडत नाही आणि शिक्षक घाबरत नाही.

याचा अर्थ सर्वच साहित्य गावात, झाडाखाली मिळेल असाही नव्हे. या बाबतीत महाराष्ट्राजवळ फार मोठा अनुभव आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये आपले पहिले बालगृह काढले. त्यांची साधने काटेकोर मापाची. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे. सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, आणि प्रत्येक ठोकळा आधीच्यापेक्षा बरोबर एका सेंटिमीटरने मोठा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये वाढले. तेथे ही महाग लाकडी साधने परवडणारी नव्हती आणि त्या मुलांना ती परकीही होती. शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांतून त्यांनी मोजणे, लावणे, निवडणे, जुळवणे शिकवले. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळा त्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी कागदपत्रांत वापरला जातो. त्याची मुळे या प्रयोगात आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल?

ताराबाईंच्या कामातून सोयीस्कर निष्कर्ष असा काढला जातो की, शिंपल्यांवर भागते, तर मग पैसे कशाला. हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिंपल्यांनी मोजणे शिकवता येते, सेंटिमीटर शिकवता येत नाही. वजने, मापे, भिंग, तापमापक, चुंबक, पृथ्वीचा गोल, हजार एककांचा घन, चांगला नकाशा या वस्तूंचे सारे मोल त्यांच्या अचूकपणात असते आणि अचूकपणा कारखान्यातच स्वस्त पडतो. याउलट मोजायच्या वस्तू, वाचायचे पहिले शब्द, गोष्टीतली माणसे, चित्रातली झाडे यांचे मोल ओळखीत असते. आपल्या अक्षरतक्त्यांतला 'अ' अननसाचा असतो. बीड किंवा जालन्याच्या खेड्यातल्या किती मुलांनी अननस खाल्ला असेल? 'ऐ' ऐरणीचा, आणि गावातला लोहाराचा भाता थंड होऊन एक पिढी लोटली. गंमत अशी की आपण नेमके उलट करतो. ओळखीच्या वस्तूंचे गुळगुळीत रंगीत तक्ते विकत घेतो आणि अचूक मापांच्या वस्तू 'स्वनिर्मित' करायला सांगतो. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार काढली, तेव्हा तिने स्थानिकतेचे हे तत्त्व मान्यच केले होते. तक्ते छापणाऱ्यांपर्यंत ते पोचले नाही.

आता ताब्याचा प्रश्न. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७-८८ पासून देशभर खडू-फळा मोहीम सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य, असा तिचा संकल्प होता. शिक्षक आणि खोल्या या दोन बाबतींत तिने पुष्कळ काम केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. साहित्याच्या बाबतीत मात्र पृथ्वीचे गोल, विज्ञानपेट्या, गणितपेट्या, वाद्ये, हत्यारांचे लहान संच असे पुष्कळ काही शाळांत पोचले आणि त्यातले पुष्कळसे जेथे उतरवले तेथेच राहिले. त्यानंतरही गणिताच्या, इंग्रजीच्या, विज्ञानाच्या पेट्या निरनिराळ्या योजनांतून येतच राहिल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' प्रकाशित केला. त्यातील खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रपत्रे विचारपूर्वक निवडलेली आहेत. पण चांगली पेटी आणि वापरली जाणारी पेटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांच्या निमित्ताने अनेक वर्षे खेड्यांतील प्राथमिक शाळांत मुक्काम करण्याचा योग मला आला आहे. मुले सतरंज्या पसरत असताना माझे लक्ष वर्गातल्या लोखंडी कपाटाकडे जाते. गुरुजींकडे किल्ली मागितली तर ते संकोचतात, मग उघडून दाखवतात. आत खोकी असतात, काहींचे प्लॅस्टिकचे वेष्टनदेखील निघालेले नसते. एका शाळेत मी विचारले, हे मुलांच्या हातात का देत नाही? गुरुजी म्हणाले, "सर, हे सगळे डेडस्टॉकला आहे. तपासणीला एक नग कमी पडला तर भरून मी द्यायचा." त्या वाक्यात अर्थशास्त्राचे एक प्रकरण सामावलेले आहे.

जडसंग्रह नोंदवही म्हणजे शाळेतील टिकाऊ मालमत्तेची नोंद. खुर्ची, टेबल, कपाट, घंटा यांच्यासाठी ती योग्यच आहे. पण त्याच वहीत जेव्हा मण्यांची माळ, प्लॅस्टिकचे ठोकळे आणि कागदी नकाशा चढतात, तेव्हा शिक्षकापुढे एक विचित्र ताळेबंद उभा राहतो. वस्तू वापरली आणि मोडली तर जबाबदारी. वापरली नाही तर कसलीही जबाबदारी नाही. मुलांना दशक समजला नाही म्हणून कोणाच्या पगारातून वसुली झाल्याचे ऐकिवात नाही. निरुपयोगी वस्तूचे रीतसर निर्लेखन करता येते. पण त्यासाठी याद्या, ठराव, मंजुऱ्या यांचा जो घोळ होतो त्यापेक्षा वस्तू कपाटात असणे सर्वांच्याच सोयीचे ठरते. म्हणूनच काही शाळांच्या भिंतीवर अजूनही असा नकाशा सापडतो की ज्यात पालघर हा जिल्हा नाही. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. शिक्षकाला हे ठाऊक असते. पण नकाशा नोंदवहीत आहे. असा शिक्षक आळशी आहे असे म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी बसलेला कोणताही हिशेबी माणूस तेच करील.

वरून आलेल्या पेटीप्रमाणेच दुसऱ्याच्या यशाची नक्कलही तयार साहित्य म्हणून खपवली जाते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने केलेले काम दहा-बारा वर्षांपूर्वी राज्यभर गाजले. तेथील वर्गांत जमिनीवर आखलेल्या आकृत्यांभोवती बसून मुले एकमेकांच्या साह्याने शिकत. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक ते पाहायला गेले. परतल्यावर पुष्कळ ठिकाणी पहिली गोष्ट कोणती झाली असेल, तर वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने तशाच आकृत्या रंगवल्या गेल्या. जे त्या बीटमधील शिक्षकांच्या दीर्घ चर्चेतून, मुलांच्या निरीक्षणातून हळूहळू निर्माण झाले होते, त्याचा दिसणारा भाग तेवढा उचलला गेला. काही शाळांत त्यातूनही चांगले घडले, हे मान्य केले पाहिजे. जेथे शिक्षकाने आकृतीमागचा हेतू समजून घेतला तेथे. इतरत्र रंग पुसट होत गेला आणि मुले पूर्वीप्रमाणे रांगेत बसू लागली. टाचणाचेही असेच झाले आहे. वही भरलेली आहे एवढेच तपासले जाणार असेल तर ती मोबाइलवरून उतरवून काढण्यात शिक्षकाचा तोटा काय?

मग तयार साहित्य शिक्षकाचे स्वतःचे होऊ शकतच नाही काय? होऊ शकते, आणि त्याचे उदाहरण शेजारच्याच राज्यात आहे. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे लहान, एकशिक्षकी ग्रामीण शाळांसाठी अभ्यासकार्डांची एक पद्धत विकसित झाली. अभ्यासक्रमाचे बारीक टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याला कार्डे, आणि मुलाने आपल्या गतीने शिडी चढावी तसे एकेक कार्ड संपवत जायचे. १९९५ च्या सुमारास कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील शिक्षकांनी ती पाहिली. त्यांनी कार्डांचे गठ्ठे उचलून आणले नाहीत. पद्धत समजून घेतली आणि आपली कार्डे कन्नडमध्ये, आपल्या मुलांची बोली आणि गाणी धरून, स्वतः लिहिली. तीच पुढे 'नली-कली' म्हणून कर्नाटकात पसरली. मूळ कल्पना तयार होती, छपाईही सरकारी होती; पण मजकुरावर शिक्षकांचा हात फिरला होता. म्हणून कार्ड फाटले तर दुसरे लिहिण्याची धमक त्यांच्यात होती. आपल्याकडे केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. तेथे परिपत्रके वाचून दाखवण्यात जो वेळ जातो, त्यातला अर्धा जरी शिक्षकांनी आपापली कार्डे आणून एकमेकांची तपासण्यात घालवला, तरी पुष्कळ होईल.

येथे पैशाचा विषय टाळता येणार नाही. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती. पण ती शिक्षकाची होती, काय घ्यायचे हे तो ठरवी. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली आणि पटसंख्येनुसार शाळेला एकत्रित अनुदान देण्याची रीत पडली. त्यात दुरुस्ती, स्वच्छता, वीजबिल, पाणी, साहित्य असे सगळे येते. ज्याने कोणी लहान शाळा चालवली आहे त्याला सांगायला नको की अशा पातेल्यातून आधी वीजबिल वाढले जाते आणि काड्यांच्या वाट्याला खरवड येते. ५०० रुपयांवर दरसाल ६ टक्के भाववाढ धरली तर चोवीस वर्षांत त्यांचे सुमारे २,००० होतात. म्हणजे जुन्या रकमेचे केवळ मोल राखायचे म्हटले तरी शिक्षकामागे २,००० रुपये हवेत. एक लाख शिक्षकांमागे २० कोटी. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला भिंग लागेल.

हे काम बाजारावर सोडावे असे सुचवणारे भेटतात. बाजार आपले काम चोख करतो. पण ज्याच्या खिशात पैसे त्याच्यासाठी. शहरातील खासगी शाळा पालकांकडून 'उपक्रम साहित्याचे' शुल्क घेतात आणि दर आठवड्याला मुलाच्या हातात नवे काहीतरी पडते. शिष्यवृत्ती परीक्षेची मार्गदर्शके दरसाल नव्या आवृत्तीने निघतात. दुसरीतल्या आदिवासी मुलासाठी त्याच्या बोलीतून प्रमाण मराठीकडे नेणारी वाचनपट्टी मात्र कोणी छापत नाही, कारण तिला गिऱ्हाईक नाही. चांगले लिहिलेले अभ्यासकार्ड एकदा तयार झाले की त्याची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काही खर्च येत नाही आणि एकाने वापरल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही. अशा वस्तू बाजार पुरेशा निर्माण करीत नाही, हे आमच्या शास्त्रातले जुने निदान आहे. म्हणून त्या सार्वजनिक पैशाने तयार व्हाव्यात, सर्वांना खुल्या असाव्यात, आणि शिक्षकाला त्यांत बदल करता येईल अशा रूपात मिळाव्यात. बदलता न येणारी छापील पाने गोंदियापासून सिंधुदुर्गापर्यंत एकसारखी पाठवणे हा त्या पैशाचा अर्धाच उपयोग झाला.

पैसे शिक्षकाच्या हाती दिले तर हिशेबाचे काय, हा आक्षेप येणार. ज्या शिक्षकावर शासन मतदानकेंद्राची जबाबदारी टाकते, ज्याच्याकडून जनगणना करून घेते, पोषण आहारातल्या तांदळाचा रोजचा हिशेब मागते, त्याला दोन हजार रुपयांचे पुठ्ठे, दोरा आणि रबरबँड विकत घेण्याइतका विश्वासू मानायला हरकत नसावी. अमुक रकमेखालील शैक्षणिक वस्तू या खडूप्रमाणे वापरून संपवायच्या वस्तू समजाव्यात, त्या जडसंग्रह नोंदवहीत चढवू नयेत आणि तपासणीला त्या मोजू नयेत, एवढे एक परिपत्रक काढायला एक पैसाही लागत नाही. तपासणी करणाऱ्याने कपाट उघडून नग मोजण्याऐवजी दुसरीतल्या चार मुलांना बोलावून चोवीस मांडायला सांगावे.

आणि पैसे द्यायचे तर ते जूनमध्ये द्यावेत. आज अनुदान बहुधा वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये हाती पडते आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवावा लागतो. त्या चार दिवसांत तालुक्याच्या दुकानदाराकडे जे संच शिल्लक असतील ते घेतले जातात, पावती फाइलला लागते, आणि माल शाळेत पोचतो तेव्हा मुलांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आलेल्या असतात.